सुईचा भार मोजायचा काटा कसा निवडावा

रेकॉर्ड प्लेयरच्या सुईचा भार, म्हणजे सुई रेकॉर्डवर जेवढ्या वजनाने टेकते तो, मोजायला काटा घेताना बहुतेक जण आधी दशांशाचे अंक पाहतात: ०.०१ ग्रॅमचा की ०.००१ ग्रॅमचा? खरं तर ते सगळ्यात शेवटी पाहायचं. त्याआधी तीन गोष्टी बघाव्या लागतात. सुई काट्यावर किती उंचीला टेकते, काट्यात लोखंड कुठे कुठे आहे, आणि काटा खरं वजन सांगतो की नाही हे तुम्हाला तुमच्या गावात तपासून घेता येतं का. या तीन गोष्टी जमल्या तर साधा काटाही चोख काम देतो. त्या चुकल्या तर तीन दशांशांचा काटाही ठामपणे चुकीचा आकडा सांगत राहतो आणि तुम्ही त्यावर भरवसा ठेवून रेकॉर्ड घासत राहता.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेली डबी. आजच्या बहुतेक मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजना (यांत सुईसोबत चुंबक हलतो) दीड ते अडीच ग्रॅमच्या दरम्यान भार लागतो. ऑर्टोफॉन टू-एम रेडला १.८ ग्रॅम सांगितलेला आहे. ऑडिओ-टेक्निका व्हीएम ९५ ई चालते १.८ ते २.२ मध्ये, नेमका आकडा २.०. डेनॉन डीएल-१०३ सारखी मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज (हिच्यात चुंबकाऐवजी तारेची गुंडाळी हलते) अडीच ग्रॅमच्या आसपास, ०.३ इकडे-तिकडे. जुन्या सूटकेस प्लेयरमधल्या सिरॅमिक कार्ट्रिज याहून बऱ्याच जड चालतात, चार ते सहा ग्रॅमपर्यंत. काही कागदपत्रांवर भार ग्रॅमऐवजी मिलिन्यूटनमध्ये छापलेला असतो. तिथे १० ने भागलं की कामापुरता ग्रॅम मिळतो, म्हणजे १८ मिलिन्यूटन म्हणजे १.८ ग्रॅम.

आता अचूकता किती हवी? कंपनीने दिलेला भाराचा पट्टा (किमान ते कमाल) साधारण ०.४ ग्रॅम रुंद असतो. त्या पट्ट्यात मधोमध किंवा जरा वरच्या बाजूला बसायचं असेल तर ०.०५ ग्रॅमपर्यंतची चूक चालते, ०.१ ला जपावं लागतं, ०.२ झाली तर मोजून काही उपयोग झाला नाही. सराफाच्या जुन्या हिशेबात १ तोळा म्हणजे ९६ गुंजा, आणि १ गुंज सुमारे ०.१२ ग्रॅम. तुमचा काटा एका गुंजेपेक्षा कमी चुकला पाहिजे. यापेक्षा बारीक मोजमापाची सुईला गरज नाही.

भार कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते हा समज पुष्कळ ठिकाणी पक्का आहे आणि तो घातक आहे. भार कमी असला की जोरकस जागी, विशेषतः 'स' आणि 'श' वर, सुई खाचेच्या भिंतीवरून सुटते आणि परत आपटते. आवाज फाटतो तो याच क्षणी, आणि भिंतीवर पडलेला तो घाव कायमचा राहतो. भार जास्त झाला तर झीज वाढते, कँटिलिव्हर (जिच्या टोकाला सुई असते ती बारीक काडी) खाली बसतो, कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला टेकू शकतं. पण पट्ट्याच्या आतला जास्त भार हा पट्ट्याच्या खालच्या कमी भारापेक्षा रेकॉर्डला केव्हाही बरा.

काउंटरवेटवरच्या आकड्यांवर भागतं का?

पुष्कळदा भागतं. आर्म (कार्ट्रिज धरणारी लांब दांडी) नीट तरंगता करून शून्य लावला आणि मग काउंटरवेट (आर्मच्या मागच्या टोकाचं वजन) फिरवून १.८ वर आणलं, तर चांगल्या प्लेयरवर ०.१ ते ०.२ ग्रॅमच्या आत बसतं. पण तो आकडा शून्य किती काळजीने लावला यावर उभा असतो, आणि जुन्या प्लेयरमध्ये दोन गोष्टी बिघडलेल्या असतात. एक, आकड्यांची चकती काउंटरवेटपासून वेगळी फिरते आणि सैल झालेली असते. दुसरी, काउंटरवेट आणि मागच्या दांड्याच्या मधलं रबर कडक पडून वजन तिरकं लोंबतं. सेकंडहँड प्लेयर घेतला असेल, कार्ट्रिज बदलली असेल, किंवा काउंटरवेटवर आकडेच नसतील, तर काटा लागतोच. काही आर्ममध्ये भार स्प्रिंगने दिला जातो. रेगाचा आरबी ३०० त्यातला. स्प्रिंग वयाने ढिली पडते, तिथे चकतीवरचा आकडा तर मुळीच गृहीत धरायचा नाही.

ऑडिओ-टेक्निका एलपी ६० एक्स सारख्या प्लेयरमध्ये भार कारखान्यातच लावून येतो आणि बदलायची सोय नसते. ज्यांच्याकडे तोच एक प्लेयर आहे त्यांनी काट्यावर पैसे घालू नयेत.

काट्यांचे प्रकार

पहिला आणि सगळ्यात साधा म्हणजे तराजूचा काटा. प्लास्टिकची पट्टी मधल्या धारेवर तोललेली, एका टोकाला सुई टेकवायची खाच, दुसरीकडे ग्रॅमच्या खुणा किंवा सरकतं वजन. काही कंपन्या नव्या प्लेयरसोबत असा काटा देतात. शुअरचा एसएफजी-२ हा या जातीतला सगळ्यात प्रसिद्ध. त्यात वजन सरकवून पट्टी समतोल करायची आणि खालच्या छोट्या आरशात पाहून ती आडवी आली का हे ठरवायचं. दांडीवर सुईसाठी दोन खाचा असतात. बाहेरच्या खाचेत आकडा जसाच्या तसा वाचायचा, आतल्या खाचेत दुप्पट धरायचा, कारण टेकणीपासूनचं, म्हणजे मधल्या धारेपासूनचं, अंतर निम्मं होतं. अशाने तो अर्ध्यापासून तीन ग्रॅमपर्यंत मोजतो. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिजचा धंदा बंद केला. त्यामुळे आज या नावाने जे मिळतं ते जुना साठा, वापरलेलं किंवा हुबेहूब नक्कल असतं. नक्कल घ्यायला हरकत नाही, मात्र ती तपासून घ्यायची.

तराजूच्या काट्याचं बलस्थान असं की त्याला सेल लागत नाही, त्यात बिघडण्यासारखं काही नाही, आणि प्लास्टिक किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर कार्ट्रिजच्या चुंबकाशी झोंबत नाही. मर्यादा अशी की खुणांच्या मधला आकडा नजरेने धरावा लागतो. जाड खुणांच्या स्वस्त काट्यावर ०.१ ग्रॅम ओळखताना कसरत होते. आणि सुई खाचेत बरोबर बसली पाहिजे. टेकणीपासून २० मिलिमीटरवर खाच असेल आणि सुई १ मिलिमीटर पुढे टेकली, तर ५ टक्के चूक झाली, म्हणजे २ ग्रॅमला ०.१. एवढीशी सरक डोळ्यांना कळतही नाही. म्हणून खाच खोल आणि अरुंद असलेला काटा निवडायचा. सपाट पट्टीवर नुसता ठिपका असलेला घ्यायचा नाही.

दुसरा प्रकार म्हणजे सुईसाठीच बनवलेला डिजिटल काटा. चपटा, छोटा, पुढे जिभेसारखी पातळ पट्टी आणि तिच्यावर ठिपका. ऑर्टोफॉन, रेगा, क्लीअरऑडिओ या कंपन्यांचे असे काटे आहेत, आणि बिननावाचे ५ किंवा १० ग्रॅम क्षमतेचे काटेही ऑनलाइन भरपूर मिळतात. बिननावाच्यांसोबत बहुधा ५ ग्रॅमचं एक वजन येतं. याचे दोन फायदे: आकडा वाचायला सोपा, आणि ठिपका रेकॉर्डच्या उंचीच्या जवळ. विकत घेताना याच दुसऱ्या गोष्टीची खातरजमा करायची. वर्णनात टेकायच्या जागेची उंची दिली नसेल तर फोटो बाजूने पाहायचा. पट्टी तळापासून दोन-तीन मिलिमीटरवर असेल तर घ्यावा. सुई काट्याच्या डोक्यावर, डिस्प्लेच्या पातळीला टेकत असेल तर तो खाली सांगितलेला सराफी काटाच आहे, फक्त डबी वेगळी.

तिसरा म्हणजे सराफी पॉकेट काटा, २०० ग्रॅमचा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. स्वस्त, सगळीकडे मिळणारा, आणि मोजमापाच्या बाबतीत खरोखर चांगला. अडचण एकच, पण मोठी: तो दीड-दोन सेंटिमीटर उंच असतो.

उंचीने काय बिघडतं

सुई रेकॉर्डवर असताना आर्म जवळपास आडवा असतो. काट्यावर ती पंधरा मिलिमीटर वर टेकली की आर्मचं तोंड वर आणि काउंटरवेट खाली जातं. आर्मचा गुरुत्वमध्य बरोबर टेकणीच्या, म्हणजे आर्म जिथे झुलतो त्या बिंदूच्या, रेषेत असता तर यात फरक पडला नसता. पण पुष्कळ आर्मांचं काउंटरवेट खाली लोंबतं ठेवलेलं असतं, म्हणजे गुरुत्वमध्य टेकणीच्या खाली. तोंड वर गेलं की हा मध्य पुढे, सुईकडे सरकतो आणि काट्यावर भार जास्त दिसतो. तुम्ही तो पाहून काउंटरवेट मागे घेता, काट्यावर २.० आणता, आणि रेकॉर्डवर प्रत्यक्षात त्याहून कमी भार पडतो. वर सांगितलेला सगळ्यात वाईट प्रकार तो हाच. गुरुत्वमध्य टेकणीच्या वर असला तर उलटं होतं.

तुमच्या आर्ममध्ये हा फरक किती आहे हे घरी पाहता येतं. रेकॉर्डच्या उंचीला एकदा मोजा, मग काट्याखाली पुठ्ठे घालून तो एक सेंटिमीटर उचला आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तर तुमच्या आर्मला उंचीचा फरक पडत नाही आणि कोणताही काटा चालेल. वेगळे आले तर नुसता पॉकेट काटा तुमच्या कामाचा नाही. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवून वाकलेल्या रेकॉर्ड अशा आर्मवर जास्त त्रास देतात, त्याचं एक कारण हेच: रेकॉर्डच्या प्रत्येक चढ-उताराला भार बदलत राहतो.

पॉकेट काटा वापरायचाच असेल तर त्याला खाली उतरणारी पट्टी लावावी. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीचे तुकडे पडलेले असतात. दीड सेंटिमीटर रुंद आणि दहा-बारा सेंटिमीटर लांब तुकडा घ्या. एक टोक पारड्यावर दुहेरी चिकटपट्टीने पक्कं बसवा. पारड्याच्या कडेला पट्टी काटकोनात खाली वळवा, आणि खालून पुन्हा बाहेर वळवा, पायरीसारखी. काटा प्लॅटरच्या (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीच्या) बाहेर किंवा कडेला राहील आणि पट्टीचं मोकळं टोक प्लॅटरवर तरंगेल अशी मापं ठेवा. टोकाची वरची बाजू रेकॉर्डच्या पृष्ठभागाइतकी यायला हवी, म्हणजे प्लॅटरवरच्या मॅटपासून दीड-दोन मिलिमीटर. पट्टीची खालची बाजू मॅटला अजिबात टेकता कामा नये, मधून कागद सहज सरकला पाहिजे. टोकावर टोच्याने हलका खळगा पाडा, आरपार भोक नको. पट्टीचं वजन टेअर करून शून्य करता येतं.

इथे एक शंका रास्त आहे: भार पारड्याच्या मध्यावर न पडता बाहेर पडला तर काटा चुकणार नाही का? चुकू शकतो. म्हणून माहितीतलं वजन त्याच खळग्यावर ठेवून पाहायचं. तिथे ५ ग्रॅमचं वजन ५.०० दाखवत असेल तर सुईचाही भार बरोबर दाखवेल. ४.८ दाखवत असेल तर पारड्याच्या दुसऱ्या बाजूला एखादं नट-वॉशर चिकटवून पट्टीचा तोल साधा आणि पुन्हा पाहा. तरी फरक राहिला तर पट्टी आखूड करा.

लोखंड आणि चुंबक

प्रत्येक मूव्हिंग मॅग्नेट आणि मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजमध्ये चुंबक असतो. मूव्हिंग कॉइलमधला मोठा आणि तगडा. काट्यात पोलाद असेल तर तो कार्ट्रिजला खाली ओढतो. ही ओढ कुठून येते यावर चूक ठरते. सुई टेकायची पट्टीच पोलादी असेल तर पट्टी जेवढी वर ओढली जाते तेवढीच कार्ट्रिज खाली ओढली जाते. आकड्यात दोन्ही एकमेकांना खातात, पण कँटिलिव्हरवर जादा भार पडतोच. काट्याचा स्थिर भाग, म्हणजे तळ, स्क्रू किंवा सेलचं पोलादी कवच ओढत असेल, तर आकडाच फुगतो, आणि त्याच्यावर विसंबून तुम्ही काउंटरवेट मागे घेता.

म्हणून चाचण्या दोन करायच्या. पहिली: काटा चालू करून शून्यावर आणा आणि कार्ट्रिज सुई न टेकवता ठिपक्याच्या वर दोन-तीन मिलिमीटरवर धरा. आकडा उणे गेला तर पट्टी चुंबकाला ओढली जाते आहे. दुसरी: दोऱ्याला छोटा चुंबक बांधून तो पट्टीजवळ, स्क्रूंजवळ आणि सेलच्या कप्प्याजवळ लोंबवा. दोरा कुठे वाकतो ते दिसेल. सेलचा कप्पा ठिपक्यापासून पाच-सात सेंटिमीटर दूर असेल तर चिंता नाही, सुईच्या थेट खाली असेल तर काटा परत करा. दुकानात काटा हातात घेऊन पाहायची सोय असेल तर खिशात दोरा आणि चुंबक घेऊनच जा.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही जुन्या प्लेयरचा प्लॅटरच पोलादी असतो. तिथे रेकॉर्ड वाजताना कार्ट्रिज खरोखरच खाली ओढली जाते, आणि ही ओढ मोजमापात यायलाच हवी. म्हणून अशा प्लेयरवर काटा प्लॅटरवर ठेवूनच मोजायचं, प्लॅटर काढून नाही, आणि उंची तंतोतंत रेकॉर्डचीच ठेवायची.

काटा खरा आहे का

मोठ्या शहरांतल्या छंदी लोकांपेक्षा मराठवाड्यातल्या वाचकाची इथे अडचण कमी आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर, परभणी, कुठेही सराफा आहे, आणि सराफाच्या पेढीवर वैधमापन विभागाची दर वर्षी पडताळणी झालेला, शिक्का असलेला इलेक्ट्रॉनिक काटा असतो. तुमच्या काट्यासोबत आलेलं ५ ग्रॅमचं वजन घेऊन जा आणि ते तिथे तोलून घ्या. सणाच्या दिवसांत किंवा लग्नसराईत जाऊ नका, दुपारच्या निवांत वेळी जा. ओळखीच्या पेढीवर कुणी नाही म्हणत नाही. जो आकडा येईल तो वजनाच्या डबीवर लिहून ठेवा. सोबत एक-दोन पितळी वॉशर किंवा तांब्याच्या तारेचे तुकडे न्या, जे २ ग्रॅमच्या आसपास भरतात. त्यांचंही वजन करून घ्या. पुढे वर्षानुवर्षं हेच तुमचे मापदंड.

वजन किती चुकलेलं असलं तर काळजी करायची? समजा ५ ग्रॅमचं म्हणून आलेलं वजन ४.९७ निघालं आणि तुम्ही त्यावर काटा कॅलिब्रेट केला. २ ग्रॅमच्या भाराला चूक येते ०.०१ च्या थोडी वर. सोडून द्या. तेच ४.७५ निघालं तर २ ग्रॅमला ०.१ ची चूक. तो काटा त्या वजनावर कॅलिब्रेट करू नका, खरं ५ ग्रॅमचं वजन मिळवा.

२ ग्रॅमचं वजन हाताशी का हवं? कारण काटा ५ ग्रॅमला बरोबर आणि २ ग्रॅमला चुकीचा असू शकतो. सराफाकडे जाणं शक्य नसेल तर औषधाच्या दुकानातली १ मिलिलिटरची इन्सुलिन सिरिंज कामी येते. आपल्याकडे यू-४० प्रकारची सिरिंज सर्रास मिळते, तिच्यावर ४० खुणा म्हणजे १ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ १ ग्रॅम पाणी. पारड्यावर प्लास्टिकचं हलकं झाकण ठेवून शून्य करा. बाटलीचं बूच पॉकेट काट्याला चालतं, ५ ग्रॅमच्या काट्याला जड होईल, तिथे घडी घातलेला प्लास्टिकचा तुकडा घ्या. मग १ मिलिलिटर, पुन्हा १ मिलिलिटर असं पाणी सोडत आकडे लिहा. सिरिंज स्वतःच थोडी चुकते, म्हणून तिच्यावर काटा कॅलिब्रेट करायचा नाही. पण दोन्ही वेळा वाढ सारखी आली का एवढं तिच्यावरून नीट कळतं. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-४ कागद ५ ग्रॅमचा असतो, कारण ए-४ चं क्षेत्रफळ एक चौरस मीटरचा सोळावा भाग. काटा ढोबळ चुकलाय का एवढं पाहायला तेही चालतं. आपल्या झेरॉक्सच्या दुकानात बहुधा ७५ जीएसएमचा कागद असतो, तो ४.७ ग्रॅमच्या आसपास भरतो. नाणी मात्र टाळा. एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळ्या वजनाची निघाली आहेत, आणि पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात.

मोजायची रीत

कार्ट्रिजची जागा आणि कोन आधी बसवून घ्या. कार्ट्रिज हेडशेलमध्ये (आर्मच्या टोकाला ती बसवायच्या जागेत) जरा पुढे-मागे सरकली तरी भार बदलतो, म्हणून भार नंतर. प्लेयरचा प्लग काढा. काही प्लेयर आर्म हलवला की आपोआप फिरायला लागतात, आणि काट्यावर सुई असताना प्लॅटर फिरला तर सुई गेलीच. पाणसळ ठेवून प्लॅटर समतल आहे का पाहा. पंखा बंद. उन्हाळ्यात कूलरही बंद, नुसतं तोंड फिरवून चालत नाही. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पंख्याच्या वाऱ्याने शेवटचे अंक नाचत राहतात, आणि आर्मवरही वारा लागतोच.

अँटिस्केटिंग (आर्म आत सरकू नये म्हणून त्याला दिलेली बाहेरची ओढ) शून्यावर आणा, नाहीतर सुई ठिपक्यावरून बाजूला ओढली जाते. सुईचं झाकण निघणारं असेल तर काढा. आर्म तरंगता करून काउंटरवेट शून्यावर लावा, मग हव्या आकड्याच्या जरा आधी थांबा. हा टप्पा गाळू नका: तोल न केलेला जड आर्म थेट ५ ग्रॅमच्या काट्यावर टेकवला तर काट्याचा सेन्सर कायमचा वाकू शकतो.

काटा चालू करून पाच मिनिटं तसाच ठेवा. बाहेर ४२ अंश असताना थंड खोलीतून आणलेला काटा लगेच वापरला तर शून्य सरकत राहतं. काटा ज्या जागी मोजायचा त्याच जागी ठेवून शून्य करा, हातात धरून शून्य करू नका. ठिपका साधारण रेकॉर्डच्या वाजणाऱ्या भागाच्या मध्यावर येईल असा ठेवा. आता क्यू लिव्हरने (आर्म उचलायच्या-सोडायच्या दांडीने) आर्म हळू खाली सोडा. बोटाने सोडू नका. जवळून पाहा: सुईचं टोकच टेकलं पाहिजे, कार्ट्रिजच्या पोटाचा किंवा काट्याच्या कडेचा कुठेही स्पर्श नको, आणि क्यू लिव्हरची दांडी आर्मपासून मोकळी हवी. शेवटची गोष्ट पुष्कळदा सुटते. लिव्हरची उंची जास्त लावलेली असेल तर आर्म अर्धवट दांडीवरच टेकलेला राहतो आणि काटा भलताच कमी भार दाखवतो.

आकडा वाचा, आर्म उचला, काटा ०.०० वर परत आला का पाहा, पुन्हा टेकवा. असं तीनदा. तिन्ही आकडे ०.०३ च्या आत असले की मधला धरा. काउंटरवेट फिरवताना आर्म काट्यावर ठेवू नका. एक तर हाताचा दाब पडतो, आणि दुसरं म्हणजे काही स्वस्त काटे एकदा आकडा स्थिर झाला की छोटे बदल दाखवतच नाहीत. दर वेळी उचलायचं, फिरवायचं, नव्याने टेकवायचं.

भार ठरला की अँटिस्केटिंग त्या बेताने लावा. आर्मची मागची उंची बदलली तर भार पुन्हा मोजा.

आकडे जुळत नसतील तर

दर वेळी वेगळा आकडा येतो, फरक ०.१ च्या वर: आधी सुई दर वेळी त्याच ठिपक्यावर पडते का पाहा. वजन ठिपक्यावर आणि मग ३ मिलिमीटर बाजूला ठेवून काटा किती बदलतो ते एकदा तपासून ठेवा, म्हणजे दोष कुणाचा ते कळेल. काटा ठीक असेल तर आर्मच्या टेकणीत घर्षण आहे, किंवा हेडशेलपासून निघालेल्या बारीक तारा कुठेतरी ताणल्या जातात. तोल साधलेल्या आर्मवर हलकी फुंकर मारा. तो संथ हलून त्याच जागी यायला हवा. मध्येच कुठेतरी थांबला तर बेअरिंगचं काम निघालं, काटा बदलून उपयोग नाही.

काट्यावर २.० येतं पण आवाज रेकॉर्डच्या मध्याजवळच्या, आतल्या गाण्यांना फाटतो: भार ०.१ ने वाढवून पट्ट्याच्या वरच्या टोकाजवळ न्या आणि पुन्हा ऐका. सुधारलं नाही तर भाराचा प्रश्न नाही, सुई झिजली आहे किंवा कार्ट्रिजचा कोन चुकला आहे. पट्ट्याबाहेर जाऊन भार वाढवत बसू नका.

आपल्याकडे डिसेंबरातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत तापमानाचा फरक मोठा आहे, आणि कँटिलिव्हर धरून ठेवणारं रबर गारव्यात ताठ, उन्हाळ्यात मऊ होतं. भार तोच राहतो, वागणं बदलतं. हिवाळ्यात सकाळी वाजवताना 'स' फाटत असेल तर काउंटरवेटला हात लावण्याआधी खोली आणि प्लेयर थोडा ऊबदार होऊ द्या. उन्हाळ्यात कार्ट्रिज खाली बसलेली दिसली तर भार मोजा. तो बरोबर असेल तर पट्ट्याच्या मध्यावर आणून ठेवा, खाली जाऊ नका.

मग घ्यायचा कोणता?

एकच प्लेयर, एकच मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज, आणि वर्षा-दोन वर्षांनी सुई बदलायची: खोल खाचेचा तराजूचा काटा घ्या. आयुष्यभर टिकतो. कार्ट्रिज बदलत राहता, मूव्हिंग कॉइल वापरता, किंवा दुसऱ्यांचे प्लेयर दुरुस्त करता: ठिपका खाली असलेला, पट्टीत लोखंड नसलेला डिजिटल काटा, ५ नव्हे तर १० ग्रॅम क्षमतेचा, म्हणजे सिरॅमिकचेही जड भार मावतील. ०.००१ ग्रॅमसाठी जास्त पैसे देऊ नका, तो तिसरा अंक पंख्याशिवायही स्थिर राहत नाही. घरात आधीच सराफी पॉकेट काटा असेल तर पायरीची पट्टी बनवा, त्यावर नवा खर्च नको. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स मात्र यातल्या कुठल्याही सुईच्या काट्यावर टेकवायचा नाही, तो १०० ग्रॅमच्या वर भरतो.

डिजिटल काटा वापरून झाला की सेल काढून ठेवा. उन्हाळ्यात बंद कपाटात बटन सेल पाझरतात आणि आतली पट्टी खातात. काट्यावर काहीही ठेवून तो कपाटात टाकू नका, दोन रेकॉर्डचं वजनही त्याच्या सेन्सरला पुष्कळ होतं. सुई बदलली, कार्ट्रिज हलवली, प्लेयर एका घरातून दुसऱ्या घरात नेला की मोजा. एरवी सहा महिन्यांतून एकदा मोजलं तरी पुरे, आणि मोजण्याआधी दर वेळी तुमचं सराफाकडून तोलून आणलेलं २ ग्रॅमचं वॉशर ठिपक्यावर ठेवून पाहा.